वॉशआउटची वही

मु. काळेखार, ता. पेण
६ मे

प्रिय सईद,

हिरामणचा सलाम. पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी हसशील. एवढ्या वर्षांच्या दोस्तीत मी तुला एकच पत्र लिहिलं होतं, तू पहिल्यांदा मस्कतला गेलास तेव्हा, आणि त्यातलंही अर्धं पान आपल्या होडीच्या भोकाबद्दल होतं. आता फोन खिशात असतो. पण फोनवर तू एकटा नसतोस, तुझ्या खोलीतली आणखी सात माणसं असतात. स्पीकर लावून बोलायची तुझी खोड या वयातही गेलेली नाही. मला जे सांगायचंय ते सात जणांनी ऐकावं असं नाही. शिवाय तू फोनवर 'बोल रे' म्हणालास की मी उकाड्यावर आणि सुक्या मासळीच्या भावावर घसरतो. दोन महिन्यांत असं चारदा झालंय. रामवाडीचा तौहीद शुक्रवारी तिकडे निघतोय. भाभीने तुझ्यासाठी दिलेल्या सुक्या जवळ्याच्या पुडक्यात हे पाकीट ठेवतोय. पत्राला वास लागला तर चिडू नको.

तू बकरी ईदच्या आधी येतोयस आणि नेहमीसारखं मला वडखळच्या फाट्यावर उभं राहायला सांगितलंयस. भाभीला मात्र तू कळवलं नाहीस. तिला ते माझ्याकडून कळलं. अरीबा गेल्यापासून तू तिच्याशी एक शब्द बोललेला नाहीस. हे मला ठाऊक आहे, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, रोह्याला अरीबाच्या सासरीही ठाऊक आहे. 'माझी पोरगी मी तिच्या हवाली केली होती, तिला साधी टाकी धुवायला झाली नाही,' असं तू मला म्हणालास. मी त्यावर 'हं' म्हणालो. त्या 'हं'पायी मला झोप नाही. हे पत्र तुला कदाचित भाभीला मोठ्याने वाचून दाखवावं लागेल, म्हणून तुला माहीत असलेलंही साध्या शब्दांत लिहितोय.

आपल्या लहानपणी काळेखारला नळ नव्हता. विहीर खणली की मचूळ पाणी लागायचं. तीन बाजूंना खाडी, चौथीकडे मिठागरं, दुसरं होणार काय? भरतीबरोबर होडी वर डोंगराकडे न्यायची, तिथल्या विहिरीवर हंडे भरायचे आणि ओहोटीबरोबर परत यायचं. होडी तुझ्या अब्बांची, वल्ही माझ्या हातात, आणि तू मध्ये बसून हुकूम सोडणार. एकदा भोकातून खाडीचं पाणी आत आलं आणि हंड्यांत शिरलं. कुठल्या हंड्यात शिरलं ते कळेना. मी एकेका हंड्यावर वाकून वास घेतला आणि दोन हंडे बाजूला काढले. तुझ्या अम्मीने चाखून बघितलं तर नेमके तेच दोन खारट. 'अल्लानं ह्या पोराला पान्याचा नाक दिलाय,' असं ती म्हणाली. त्या दिवसापासून हंडा माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय ती भात शिजवायला घ्यायची नाही. मी मिठागरात राबणाऱ्या आगऱ्याचा पोर, पण तुमच्या घरात मला तो एक मान होता. मी तो फार जपला. जरा जास्तच जपला, हे आता कळतंय.

नळ आला त्याच साली तू समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या कंपनीत फिटर म्हणून गेलास आणि मी इथे पाणी सोडणारा झालो. तू सुट्टीवर आलास की टाळी देऊन म्हणायचास, 'आमच्या वाळवंटात चोवीस तास पानी, आन् तुमी धरनाखाली राहून तिसऱ्या दिसाला तासभर!' मी चिडायचो. पण खोटं काय होतं त्यात? डोंगरातल्या धरणाचं पाणी आपल्याच शेतातल्या मोठ्या पाइपातून शहरांकडे जातं. कान लावला तर घों घों ऐकू येतं. आपल्या सात गावांच्या वाट्याला त्यातली एक फांदी आहे, तीही अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. मोहल्ल्यातला सहाशे फूट पाइप तर गटारातूनच गेलाय. तो बदलायचं नाव काढलं की नवीन योजनेत होणार, हे ठरलेलं उत्तर. त्या नवीन योजनेचा नारळ माझ्या डोळ्यांदेखत तीनदा फुटला. पहिल्यांदा मोठे साहेब आले, मग त्यांना पाडून निवडून आलेले आले, मग पहिल्या साहेबांचा मुलगा आला. प्रत्येक वेळी पाटी नवी, खड्डा तोच. एकदा खरोखरच पाइप आले. रस्त्याकडेला दोन पावसाळे पडून राहिले, त्यांच्यावर वेल चढले, आणि एका सकाळी बघतो तर निम्मे गायब. ते कुणाच्या तरी फार्महाऊसच्या प्लॉटांना लागले म्हणतात. मी पाहिलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. मी अकरा अर्ज दिले. अकराच्या अकरा पोचपावत्या माझ्याकडे आहेत. त्या देणाऱ्यांनी शिक्का मात्र दरवेळी छान ठळक मारला.

आता वॉशआउटचं सांगतो. दोन दिवस पाइप रिकामा राहिला की गटार आत झिरपतं. पाणी सोडलं की ती सगळी घाण पुढे ढकलली जाते आणि शेवटच्या घराशी येऊन थांबते. गल्लीतलं शेवटचं आणि सगळ्यात सखल घर तुझं. म्हणून तुझ्या मागच्या भिंतीलगत पाइपाला एक तोंड ठेवलं होतं, तेच वॉशआउट. आधी ते उघडायचं. पंधरा मिनिटं काळं पाणी गटारात जाऊ द्यायचं. मी वाकून वास घ्यायचा. वास गेला की तोंड बंद करायचं आणि शिट्टी मारायची. शिट्टीच्या आधी कुणी हंडा लावायचा नाही, हा मोहल्ल्याचा कायदा होता. हिरामणची शिट्टी झाली म्हणजे पाणी पिण्याजोगं आलं. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेलाही पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं जायचं.

अरीबा पाच वर्षांची असल्यापासून तिथे येऊन उभी राहायची, तुला आठवतं? तू पाठवलेलं तुझं जुनं घड्याळ तिच्या मनगटात सैल व्हायचं, ते कोपरापर्यंत चढवून ती मिनिटं मोजायची. चौथीत गेल्यावर तिने मला वही करून दिली. तिच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं फाडून, शिवून, पट्टीने रकाने आखून. तारीख, वेळ, मिनिटं, वास. वासाच्या रकान्यात फक्त 'हाय' किंवा 'नाय' लिहायचं, असा तिचा हुकूम. हुकूम सोडायची सवय बापाची. दर जूनला शाळा सुरू झाली की मला नवी वही मिळायची. कॉलेजात गेली तरी तिने ती कधी चुकवली नाही. लग्न होऊन रोह्याला हमझाच्या घरी गेली तेव्हाही जायच्या आधी दोन वर्षांच्या वह्या आखून ठेवून गेली. ऑफिसचं रजिस्टर वेगळं होतं. पण खरी नोंद मी अरीबाच्या वहीतच करायचो.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी वॉशआउटचा व्हिडिओ काढला. बाजूला रिकामे हंडे घेतलेल्या बायका आणि इकडे गटारात पाणी वाहतंय. खाली लिहिलं होतं, 'काळेखारमध्ये पाण्याची खुलेआम नासाडी.' दोन दिवसांत तो सगळ्यांच्या फोनवर. निवडणूक जवळ आलेली. आपले भाऊ, ज्यांच्याशिवाय या सात गावांत साधा दिवाही लागत नाही, ते तिसऱ्या दिवशी वेल्डर घेऊन हजर. पाइप बदला, मग वॉशआउट लागणार नाही, असं मी म्हणालो. ते हसून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'हिरामण, पाइप बदलायला सहा महिने. हे सहा मिनिटांत होतं.' आणि झालं सहा मिनिटांत. तोंड लोखंडी चकतीने बंद करून टाकलं. मग बॅनर लागलं, 'थेंब थेंब वाचवू या,' आणि मला शाल, नारळ आणि 'जलमित्र' लिहिलेली फ्रेम. तो फोटो तुला आला होता. तू तीन अंगठे पाठवलेस. फोटोत माझ्यामागे बॅनर होतं, चकती दिसत नव्हती. नाहीतर तू फिटर माणूस, तू लगेच विचारलं असतंस. ती शाल मी घेतली, सईद. ती ऊबदारही होती. माझ्या बायकोने, हौसाने ती पेटीत टाकलीय.

त्यानंतरही मी तिसऱ्या दिवशी वॉल्व्ह उघडत होतो आणि शिट्टी मारत होतो. नीट वाच. आधी पंधरा मिनिटांनी शिट्टी व्हायची, आता वॉल्व्ह उघडल्या उघडल्या. लोकांना आनंद झाला, पाणी लवकर येतं म्हणून. शिट्टी मारली नसती तर बायकांनी विचारलं असतं, का नाही मारली? मग सांगावं लागलं असतं, आणि भाऊंच्या कानावर गेलं असतं. आमचा पोरगा हरेश पंपावर सहा वर्षं कंत्राटावर राबतोय. त्याच्या कायम होण्याचा कागद भाऊंच्या सहीसाठी पडलेला. मी स्वतःला सांगत राहिलो की निवडणूक होऊ दे, सही होऊ दे, मग चकती मीच छिन्नीने काढतो.

डिसेंबरात तुझा फोन आला. अरीबाला सातवा लागणार होता. हमझाच्या आईचं, रिझवानाबाईंचं म्हणणं होतं की बाळंतपण रोह्यालाच होऊ दे, तिथे दवाखाना जवळ आहे, काळेखारच्या पाण्याचा भरवसा नाही. तुला ते लागलं. पहिलं बाळंतपण माहेरी, यावर भाभीही हटून होती. तू मला विचारलंस, 'हिरामण, तू खरा सांग. पानी कसा हाय?' तू दुसऱ्या कुणाला नाही, मला विचारलंस. आणि मी छाती फुगवून म्हणालो, 'बिनधास्त पाठव. तुझ्या घरात पानी मी सोडतो.' रोह्याच्या कुणीतरी बाईने माझ्या पाण्याला नावं ठेवली याचा मला राग आला होता. तेवढ्यासाठी मी ते बोललो. भरवसा नाही असं ती म्हणाली होती आणि ते अगदी खरं होतं.

अरीबा जानेवारीत आली. पोट सांभाळत मागच्या दारी आली आणि तिने आधी वही मागितली. पानं चाळली आणि म्हणाली, 'चाचा, मिनिटांच्या खान्यात दिवाळीपासून तुमी काय लिवलंच नाय?' मी म्हणालो, आता नवीन पद्धत आहे, बेटा, मिनिटं मोजायची गरज नाही. तिने 'बरं' म्हटलं. वासाच्या रकान्यात मात्र मी लिहीत होतो. त्या रकान्यात दिवाळीपासून प्रत्येक ओळीत 'हाय' आहे. तिने तेवढं वाचलं नाही. किंवा वाचलं असेल आणि चाचाने शिट्टी मारलीय म्हणजे ठीक असेल असं समजली असेल. हे मला आता कधीच कळणार नाही.

फेब्रुवारी संपता संपता गावात कावीळ सुरू झाली. एकतीस माणसं झाली. बाकीची हळूहळू उठली. अरीबाला रमजानच्या तेराव्या रोज्याला ताप आला, डोळे पिवळे झाले. पेणला नेलं, तिथून पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिने समोर बसवून समजावलं. ही कावीळ घाण पाण्यातून येते, इतरांना महिनाभर लोळवते, पण दिवस भरत आलेल्या बाईचं यकृतच धरते. सतराव्या रोज्याला बाळ पोटात गेलं, आणि संध्याकाळी अरीबा. मी दाराबाहेर होतो. हमझा भिंतीला डोकं लावून उभा होता. भाभीने रोजा सोडला नव्हता. तिला कुणी खजूर दिला तर ती म्हणाली, अरीबाला विचारा खाते का. बाकीचं तुला फोनवर सांगितलंय. दफन रोह्याला झालं, आणि तू तिकडे विमानाच्या तिकिटासाठी कंपनीच्या ऑफिसात बसून होतास.

मग चौकशी आली. चौकशीवाले मोहल्ल्यात शिरण्याआधी दोन दिवस पाइपात टीसीएलची जंतू मारायची पांढरी पावडर इतकी ओतली की नळाजवळ डोळे झोंबत होते. त्यानंतर पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या. अहवालात आलं, पाणी शुद्ध. तीस जणांची कावीळ जत्रेतल्या उसाच्या रसाची. अरीबा जत्रेला गेलीच नव्हती, तर तिच्यासाठी वेगळं कारण हवं होतं. साहेबांनी तुझ्या परसातल्या टाकीचं झाकण उचललं, वर चिंचेचा पाला पडला होता, त्याचा फोटो काढला. 'घरगुती साठवण टाकीची अस्वच्छता.' झालं. त्याच दिवशी मला ऑफिसात बोलावलं आणि रजिस्टर पुढे ठेवलं. दिवाळीपासूनच्या एकेचाळीस ओळी कोऱ्या होत्या. भाऊ खुर्चीत बसले होते. हरेशचा कागद टेबलावर होता. मी एकाच पेनाने एकेचाळीस वेळा लिहिलं, वॉशआउट पंधरा मिनिटं. खाली सही केली. मध्ये चहा आला, तोही प्यायलो. हरेश आता कायम आहे. पेढे तुझ्या घरी मी पाठवले नाहीत, एवढीच काय ती लाज उरली होती.

त्या सहीमुळे टाकीवर शिक्का बसला. ताजुन्निसाभाभीसारखी स्वच्छ बाई उभ्या काळेखारात नाही. आपण तिची किती चेष्टा करायचो. पाण्याला पाणी लावून धुते म्हणायचो. पाणी दुहेरी ओढणीतून गाळल्याशिवाय ती टाकीत पडू देत नाही. पण ओढणीतून पालापाचोळा गाळला जातो, गटार नाही. अहवाल आला तसं तिने एकदाही भांडण केलं नाही. ती सरळ मानूनच बसली. चाळिसावं झाल्यावर तिला रोह्याला जायचं होतं, रिझवानाबाईंना भेटायला. हमझा फोन घेईना, म्हणून मी एसटीने सोबत गेलो. रिझवानाबाई दारात आल्या. वाईट बोलल्या नाहीत. रडत होत्या. म्हणाल्या, 'ताजुन्निसा, मी सांगत होती ना गो, हितंच राहू दे तिला. टाकी तरी बगायचीस.' आणि दार हळूच लोटून घेतलं. भाभी पायरी उतरून खाली आली. परतीच्या गाडीत नागोठणं गेलं, वडखळ गेलं, ती खिडकीबाहेर बघत होती. मी शेजारी बसलो होतो. सांगायला दीड तास होता, सईद. मी तिला खारे शेंगदाणे घेऊन दिले.

आता ती रोज टाकी उपसते. गुडघे दुखतात, तरी शिडी लावून आत उतरते आणि काथ्याने, राखेने भिंती घासते. तिसऱ्या दिवशी येणारं पाणी ती रोज ओतून देते, मग गल्लीत हंडाभर मागत फिरते. बायका आधी देत होत्या, आता कुरकुरतात. परवा मी मागच्या दाराने जात होतो तर तिने टाकीतून हाक मारली. वर आली, हात राखेने भरलेले. तांब्यात पाणी घेऊन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, 'हिरामणभाऊ, तुमच्या नाकाला समजतं. वास घेऊन बगा ना. आता तरी चांगला हाय का?' मी तांब्यावर वाकलो. गटाराचा वास होता. चकती अजून तशीच आहे. मी तसाच मागे सरलो, तर ती 'बरं, अजून एकदा घासते' म्हणाली आणि पुन्हा शिडीकडे वळली.

घरी येऊन मी हौसाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. पण तिला नवं काहीच नव्हतं. आणि हे मी इतका वेळ टाळत आलोय, ते आता लिहितो. आमच्या घरात दिवाळीपासून पाणी उकळूनच प्यायलं जातं. मीच सांगितलं होतं. चकती लावली त्याच संध्याकाळी मी हौसाला म्हणालो, यापुढे वीस मिनिटं उकळल्याशिवाय कुणाच्या तोंडाला पाणी लावायचं नाही. अरीबा आली तेव्हा हौसा म्हणाली होती, 'त्यांना पन सांगा ना, पोटुशी पोर हाय.' मी म्हणालो, एका घरात सांगितलं की गावभर होईल, थोडे दिवस थांब. तिने पुन्हा दोनदा विषय काढला. मी दोनदा गप्प केलं. माझ्या नातवंडांना उकळलेलं आणि तुझ्या मुलीला शिट्टी. भाऊ आणि ते नारळ फोडणारे साहेब आणि चौकशीवाले, सगळ्यांना मी शिव्या दिल्या असत्या तरी कमीच पडल्या असत्या. पण त्यांच्यापैकी कुणाला हे पाणी तुझ्या घरात जाताना नाकाने कळत नव्हतं. मला कळत होतं.

उद्या मी अलिबागला जिल्ह्याच्या ऑफिसात जातोय. अरीबाने आखलेली वही, अकरा पोचपावत्या आणि रजिस्टरातल्या एकेचाळीस ओळी खोट्या आहेत असं माझ्या हाताने लिहिलेला अर्ज, हे सगळं देणार आहे. पोच मागून घेईन. हरेशला सांगितलंय, तो दोन दिवस जेवायला घरी आलेला नाही. काय होईल माहीत नाही. कदाचित तेही शिक्का ठळक मारतील आणि ठेवून देतील. वहीच्या पानांच्या झेरॉक्स सोबत आहेत, वासाचा रकाना बघ. पण अर्जासाठी मी हे पत्र लिहिलेलं नाही, आणि माफीसाठीही नाही. ती मागायला मला तोंड नाही. वडखळच्या फाट्यावर मी येणार नाही, तू मिनीडोर करून ये. हे लिहिलंय ते एवढ्यासाठी की भाभीला मी तोंडाने सांगू शकलो नाही. आणि माझ्या सांगण्याने तिचं समाधान होणार नाही, तिला ते तुझ्याकडून ऐकायचंय. म्हणून पत्र वाचलंस की तिला फोन कर. स्पीकर न लावता. मला शिव्या नंतर दे, आधी तिला सांग की टाकी स्वच्छ होती. ती पहाटेचा नमाज झाला की टाकीत उतरते. इथे तेव्हा सहा वाजतात, तुझ्याकडे साडेचार, आणि तू उठलेला असतोस. त्याच्या आत फोन कर, म्हणजे त्या दिवशी तरी ती शिडी लावणार नाही.

तुझाच, हे म्हणायचा हक्क तू ठेवलास तर,
हिरामण